पाटल्या परत आल्या

ताई,

मी ४४ वर्षांची, नोकरीनिमित्त अकरा वर्षं म्युनिकला आहे. आई-बाबा, दादा-वहिनी आणि भाची पुण्यात, सिंहगड रस्त्याला. २०२५ च्या जानेवारीत तिकडे जीबीएसची (नसांच्या आजाराची) साथ आली, त्यात आमची आई सापडली. आधी दोन दिवस जुलाब झाले, थांबले. दहा-बारा दिवसांनी तळपायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग पलंगावरून उठवेना आणि पाचव्या दिवशी थेट व्हेंटिलेटर. एकोणीस दिवस व्हेंटिलेटर, सगळे मिळून ४७ दिवस रुग्णालय. मी सहाव्या दिवशी पोचले, सोळा दिवस राहिले. रजा संपली तेव्हा आई व्हेंटिलेटरवरच होती, तशीच निघाले. साडेसात लाख रुपये पाठवले. तिकडून दिवसातून चार-पाच वेळा फोन करायचे, सगळे रिपोर्ट मागवून ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायचे.

आज आई बरी आहे. घरात काठीशिवाय फिरते, जिना चढते. ब्लाउजचे हूक स्वतः लावते, वरचा एक तेवढा राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "लेकीचा आवाज फोनवर ऐकला आणि मला बळ आलं." बोलता येत नव्हतं तेव्हा वहिनीने भाचीच्या जर्नलच्या पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून पाटी केली होती, त्यावरून आई डोळ्यांनी खुणा करायची. वहिनी पतसंस्थेत आहे, तिने अडीच महिने रजा घेतली, त्यातली बरीचशी बिनपगारी. सगळ्यांनीच केलं. सातारची मावशी महिनाभर येऊन राहिली. भाचीला दहावीला ७९ टक्के पडले, जरा कमीच. पण या गडबडीत व्हायचंच.

दिवाळीला आले होते. भाऊबीजेला सगळे जमलेले असताना मी वहिनीला दोन तोळ्यांच्या पाटल्या दिल्या आणि म्हणाले, "वहिनी, तू माझ्या आईला सख्ख्या लेकीसारखं सांभाळलंस. तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दादाने फोटो काढला. वहिनी हसली. निघायच्या दिवशी बॅग भरताना कपड्यांच्या घडीखाली पाटल्यांची डबी सापडली. विचारलं तर म्हणाली, "राहू दे गं, मी कुठे घालणार." तेव्हापासून फोनवर नीट बोलते, पण कामापुरतंच.

साडेसात लाख काय किंवा पाटल्या काय, मी कशाचाच गवगवा केला नाही. मनापासून दिलं होतं. मला या माणसांबद्दल जे वाटतं ते कसं सांगू? माझं काय चुकलं? मला 'तू'च म्हणा.

– (नाव राखून ठेवलं आहे)

* * *

'तू' म्हण म्हणालीस, बरं केलंस. तुझ्या पत्राला 'अहो-जाहो' करत उत्तर देता आलं नसतं.

आधी आईबद्दल. पत्र वाचताना मी हुकांपाशी थांबले. जीबीएसमध्ये, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोममध्ये, शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा नसांवर उलटते. अंगातली ताकद आधी पायांतून आणि मग वर वर नाहीशी होत जाते, आणि परत येताना ती उलट्या वाटेने उतरते. खांदे, मांड्या आधी, पावलं आणि बोटं सगळ्यांत शेवटी. त्यामुळे माणूस जिना चढायला लागला तरी ब्लाउजचा हूक लागत नाही, दाण्याचं सोललेलं साल बोटांच्या चिमटीत धरवत नाही. सहा महिन्यांत बहुतेक लोक आधाराशिवाय चालायला लागतात, पण हा शेवटचा बारीकसारीक भाग रेंगाळतो. तुझी आई त्या शेवटच्या हुकापर्यंत आली आहे. मी पुण्यातलीच, त्या जानेवारीत आम्हीही महिनाभर पाणी उकळून पीत होतो. नांदेड गाव (मराठवाड्यातलं नव्हे, आपल्या सिंहगड रस्त्याचं), किरकटवाडी, धायरी ही नावं रोज पेपरात असायची, दोनशेच्या वर माणसं आजारी पडली आणि सगळी घरी परतली नाहीत. तेव्हा आधी पोटभर आनंद करून घे. मग वहिनीकडे वळू.

पाटल्यांचं. तू भाऊबीजेच्या फराळात आभारप्रदर्शन केलंस. आपल्याकडे आभारप्रदर्शन म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक आहे. कार्यक्रम संपलेला असतो, माईकवर कुणीतरी "मंडप, ध्वनिक्षेपक आणि ज्यांचा नामोल्लेख राहिला त्या सर्वांचे" सुरू करतो आणि लोक चपला शोधायला उठतात. मराठीत आभार परक्यांचे मानतात. घरच्या माणसाला 'थँक्यू' म्हटलं की तो विचारतो, "आभार कसले मानतेस, परका आहे का मी?" तुझी वहिनी अठरा-वीस वर्षं त्या घरात आहे आणि तू तिला चार माणसांत आभार मानण्याइतकी परकी केलीस. मुद्दाम नव्हे, हे मला कळतं.

शिवाय शब्द बघ. "उपकार फिटायचे नाहीत." उपकार, फेड, फिटणं, हे सगळे कर्जाचे शब्द आहेत. तोंडाने म्हणालीस फिटायचे नाहीत आणि त्याच दमात फेडीची डबी बाहेर काढलीस. तीही टाळ्यांत आणि फोटोसकट. सोनं घेऊन वहिनी काय म्हणणार होती, "पावती देते"? आपल्या शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणं मोजली, त्यांतून मोकळं व्हायचे मार्गही सांगितले. वहिनीऋण मोजायचं कुणाला सुचलं नाही. कारण मोजणारे सगळे पुरुष, त्यांच्या ताटात पोळी आपोआप पडायची.

"सख्ख्या लेकीसारखं" हा शब्द मला जास्त खुपला. तो कौतुकाचा म्हणूनच सगळे वापरतात, मीही वापरला असेल. पण त्यात काय दडलंय ते बघ. लेकीने केलं की कौतुक, सुनेने केलं की कर्तव्य. आणि सुनेने कर्तव्याच्या पलीकडे केलं की तिला बढती देऊन 'लेक' करायचं. म्हणजे जागा शेवटी लेकीचीच. त्या ४७ दिवसांतले सोळा दिवस लेक तिथे होती, उरलेले एकतीस दिवस आणि नंतरचे सात महिने लेक नव्हती. (तू का नव्हतीस त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. नोकऱ्या अशाच असतात आणि कुणीतरी पैसे मिळवायलाही लागतात.) वहिनीने जे केलं ते लेकीसारखं नाही, तिचं तिने केलं. आणि 'माझ्या आईला' म्हणालीस. ज्या बाईबरोबर ती इतकी वर्षं एका ओट्यावर वावरली, ती तिचीही कुणीतरी आहे की. तुझ्या वाक्यात ती तुझ्या आईला सांभाळणारी झाली, म्हणजे जवळजवळ कामाला ठेवलेली. मग पाटल्या पगारासारख्या दिसल्या तर नवल काय?

आता तुझंच पत्र तुला दाखवते. वाचताना मी पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या.

साडेसात लाख दोनदा आले आहेत, दुसऱ्यांदा "गवगवा केला नाही" म्हणताना. पैशाला मी कमी लेखत नाही. या आजारात पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोबुलिन नावाचं औषध देतात, वजनाप्रमाणे, आणि त्याच्या बाटल्यांचा आकडा ऐकून भलेभले भिंतीला टेकतात. तुझे पैसे त्या पाच दिवसांत आले असतील तर दादाचा श्वास तुझ्यामुळे चालू राहिला. पण तू त्यांचा आकडा लक्षात ठेवलास आणि वहिनीच्या बिनपगारी रजेच्या बाबतीत 'बरीचशी' लिहिलंस. किती दिवस? पतसंस्थेत तिचं नंतर काय झालं? तुला माहीत नाही. यात दोष नाही, पण निदान माहीत नाही हे तरी माहीत असावं.

दुसरी खूण: "भाचीला ७९ टक्के पडले, जरा कमीच. पण या गडबडीत व्हायचंच." अगं, दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुझी आई तेव्हा कुठे होती? मुलगी सकाळी स्वतःचा डबा भरून केंद्रावर जात होती, कारण तिची आई रात्रभर रुग्णालयाच्या खुर्चीवर होती. आणि जो पुठ्ठा आजीला बोलतं करायला कामी आला तो त्याच मुलीच्या जर्नलचा होता. वहिनीने काय दिलं त्याचा खरा हिशेब या ओळीत आहे, आणि तू ती ओलांडून पुढे गेलीस. वहिनी रोज रात्री तिथेच थांबत असेल.

तिसरी खूण सगळ्यांत जाड. "लेकीचा आवाज फोनवर ऐकला आणि मला बळ आलं." आई हे खोटं बोलत नाही. जीबीएस इतका वाढला की माणूस नुसता पडून असतो, हलता येत नाही, बोलता येत नाही, पण आत पूर्ण जागा असतो. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. अशा वेळी हजारो मैलांवरून लेकीचा आवाज आला तर बळ येईलच. पण तो फोन आईच्या कानाशी धरला कोणी? आणि ते वाक्य आई चहाला आलेल्या शेजारणीला सांगते तेव्हा तो चहा कोण करून आणतं? सात महिने रोज. मला विचारशील तर पाटल्या या वाक्याने परत पाठवल्या. बाकी सगळं निमित्त.

एक बाजूची गोष्ट. अमेरिकेतल्या डॉक्टरांत एक शब्दप्रयोग आहे, 'कॅलिफोर्नियाची लेक'. १९९१ साली त्यावर एका वैद्यकीय मासिकात लेखच छापून आला होता. म्हातारा माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, जवळची माणसं महिनोन्‌महिने करत असतात, आणि मग लांबून एक लेक विमानाने येते, फाइल मागते, डॉक्टरांना प्रश्न विचारते, "हे का नाही केलं, ते का नाही केलं" म्हणते. दुखावलेलं प्रेम आणि जवळ नसल्याचा सल, दोन्ही मिळून तिच्या तोंडून तपासणीसाचे प्रश्न निघतात. गंमत अशी की खुद्द कॅलिफोर्नियात तिला 'न्यूयॉर्कची लेक' म्हणतात. लांबची लेक सगळीकडे असते, गाव तेवढं बदलतं. आता म्युनिक. दिवसातून चार-पाच फोन, सगळे रिपोर्ट. तू काळजीने केलेस. पण त्यांतला एक फोन वहिनीला रात्री अकराला, दोन घास खायला बसताना आला असेल आणि तू विचारलं असशील, "पोटॅशियम किती आलं?" असं झालं का, ते तिला विचार.

आता माझं सांगते, कारण सल्ला देणारीने स्वतःचं उघडं केल्याशिवाय दुसरीचं उघडं करू नये.

२००३ साली माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यांनी धसका घेतला आणि चालणं जवळजवळ सोडलंच. पुढची दोन वर्षं त्या पलंगावर आणि मी पलंगाच्या अवतीभवती. नणंद नागपूरला. त्या वर्षी दिवाळीत वन्सं आल्या, आठ दिवस राहिल्या आणि पाडव्याला सगळ्यांसमोर मला पैठणी दिली. "वहिनींनी आईला फुलासारखं जपलं." मी वाकून नमस्कार केला. ती पैठणी अजून कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. नेसायला काढली की मला त्या दिवशीचा फोटो आठवतो. त्यात मी हसते आहे आणि माझ्या हाताला फिनाइलचा वास आहे, हे फक्त मला ठाऊक.

दीड वर्षाने, मे महिन्यात, वन्सं अचानक आल्या. सकाळची गाडी. बॅग कोपऱ्यात ठेवली, हातपाय धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "वहिनी, दहा दिवस तुम्ही इथे नाही." पर्समधून माझं एसटीचं तिकीट काढून दिलं, पुणे-चिपळूण, त्याच दुपारचं. माझं माहेर चिपळूणजवळ. मी म्हटलं, "अहो, पण आईंच्या गोळ्या, त्यांचं मऊ भाताचं..." "लिहून द्या." मी पाठपोट दोन कागद लिहून दिले. माहेरी गेल्यावर मी पहिले दोन दिवस नुसती झोपले. तिसऱ्या दिवशी बूथवरून घरी फोन केला, दुपारची गोळी दिली का विचारायला. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, फोन ठेवा," आणि खरंच ठेवला.

दहा दिवसांनी परत आले. वन्सं स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, समोर वाटाणे. डोळ्यांखाली काळं. मला बघून म्हणाल्या, "वहिनी, मला माहीतच नव्हतं त्या दिवसातून किती वेळा हाक मारतात. मी काल मोजल्या. एकेचाळीस."

बस. ना आभार, ना उपकार. मी तिथेच पाटावर बसले आणि दोघी वाटाणे सोलत राहिलो. मला आयुष्यात कुणी इतकं मोठं काही दिलेलं नाही. त्यांनी एकेचाळीस हाका स्वतः मोजल्या होत्या.

म्हणून म्हणते, पाटल्या नकोत, वहिनीचं माहेरपण कर. आजवर माहेरपण तुझं झालं. दर वेळी तू आलीस की पुरणपोळी, अळूवडी, जाताना बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, चकल्यांचा डबा. तो मसाला कोण भाजतं? आईचे हात तर आता-आता चालायला लागलेत. येत्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांची रजा काढ, जमत असेल तर घरून काम कर. दादा-वहिनी-भाची तिघांना जिथे जायचंय तिथे जाऊ दे. जागा तू ठरवू नकोस. पैसे द्यायचे तर दादाच्या खात्यात गुपचूप टाक आणि पुन्हा त्यांचं नाव काढू नकोस. दोन-तीन दिवस आधी ये आणि वहिनीच्या मागे मागे फिर. आईला सकाळी उठवताना कुठल्या बाजूने हात द्यायचा, फिजिओथेरपिस्ट कधी येतो आणि आई त्याला काय काय कारणं सांगते, दुपारी पाय जळजळले की काय करायचं, बोटांच्या व्यायामाला मिसळलेले मूग-चवळी निवडायला बसवायचं ते किती वेळ. हे सगळं तिच्या डोक्यात आहे, कुठल्याच रिपोर्टात नाही. मग त्यांना जाऊ दे. आणि 'हिंगाची डबी कुठे आहे' विचारायला फोन करू नकोस, शोध. आई म्हणेल, "ती असं करत नाही हो, ती आधी ऊन पाणी देते." म्हणणारच. तेव्हा चिडू नकोस, कारण तुझ्या वहिनीचं पहिलं खरं कौतुक आईच्या तोंडून तुला असं तक्रारीतूनच ऐकायला मिळेल. ते लक्षात ठेव आणि वहिनी आली की जसंच्या तसं सांग.

उन्हाळा लांब आहे, तोवर दोन गोष्टी.

एक, आईशी बोल. सुनेची बाजू घेऊन भांडायला नव्हे, नाहीतर अजून बिघडेल. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर आई "तुझ्या आवाजाने मला बळ आलं" म्हणाली की सहज म्हण, "आई, मला त्या पाटीचं सांग ना. पहिलं अक्षर कुठलं दाखवलंस?" आणि तिला बोलू दे. त्या एकोणीस दिवसांचं बरंच काही तिच्या आत बसलं असेल. नळी असताना घशाला कोरड पडायची आणि सांगता यायचं नाही, पुठ्ठ्यावरून बोट फिरत फिरत 'पा'वर आलं की डोळे वर करायचे. ती सांगेल. सांगता सांगता बोट कुणाचं होतं तेही तिच्या तोंडून येईल. हे आईकडून वदवून घेणं फक्त तुलाच जमेल. दादा बोलला तर 'बायकोचा बैल' आणि वहिनी बोलली तर बोलायलाच नको. लेकीचा शब्द त्या घरात चालतो ना? मग तो इथे खर्च कर.

दुसरं, वहिनीला फोन कर. कामाचा नको, रविवारी दुपारी, ती एकटी असेल तेव्हा. पाटल्यांचा विषय काढू नकोस. सरळ विचार, "रात्री तिथे काय व्हायचं गं? मला कुणी सांगितलंच नाही." आणि गप्प राहा. ती कदाचित "काही नाही गं, गेले ते दिवस" म्हणेल. तू "मीही इकडे झोपले नव्हते" असं म्हणू नकोस. ते खरं असेल, पण त्या क्षणी ते वाक्य दार बंद करतं. पुन्हा एकदा विचार, किंवा भाचीच्या परीक्षेच्या दिवसांचं विचार. माफी मागायची असेल तर एका ठरावीक गोष्टीची माग: अमुक दिवशी अमुक बोलले, ते तुला लागलं असेल. "माझं काही चुकलं असेल तर" नको, ती पुन्हा आभारप्रदर्शनाचीच भाषा झाली.

आणि तयारी ठेव, ती लगेच मोकळी होणार नाही. मी वन्संशी मोकळी व्हायला दीड वर्ष आणि एक एसटीचं तिकीट लागलं. कदाचित माझं सगळं चुकत असेल आणि वहिनीच्या मनात वेगळंच काही असेल, पतसंस्थेतलं, दादाशी काही. तेही तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. मी इथे बसून किती ओळखणार?

दादाबद्दल तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस, फोटो काढला एवढंच. विम्याची कागदपत्रं, कॅशलेसच्या खिडकीपुढची रांग, रात्री औषधाच्या दुकानातून बाटल्या बर्फाच्या डब्यात आणणं, बाबांना घरी काय सांगायचं आणि काय नाही, हे त्याने केलं असणार. पुरुष असली कामं करतात आणि त्यांना वाटतं आपण काहीच केलं नाही, कारण आईच्या अंगाला हात लावायला ते घाबरतात. त्याला एक फोन कर आणि हिशेबाची फाइल समजावून सांग म्हण. पैशांसाठी नाही. फाइल उघडली की तो बोलेल. मावशीला सातारला जाऊन भेट, तिला काही नको असतं, तिच्या हातचं खाऊन ये.

पाटल्या सध्या तुझ्याच कपाटात राहू देत. भाचीच्या नावाने पुन्हा पुढे करू नकोस, ती तीच डबी होईल. भाची अकरावीला आहे ना आता? तिला आत्याकडून सोनं नको, आत्याने विचारलेलं हवं, की त्या वर्षी गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री तू कुठे होतीस.

तिकीट काढायच्या आधी वहिनीला विचार, मे सोयीचा की जून. तिची रजा आता तिला जपून वापरायची असेल.

आणि एक राहिलं. आईचा तो वरचा हूक रोज सकाळी कोण लावतं, ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस. उन्हाळ्यात तुला लावायचा आहे. आधी बघून ठेव कसा लावतात ते. आईला मान मागे करता येत नसेल तर समोर बसून लावावा लागतो.